घराचा चार्ज

चार्ज दिल्याशिवाय आमच्या टेलिफोन खात्यात कुणाची सुटका नसे. बदली असो की निवृत्ती; किल्ल्या किती, रजिस्टरं कोणती, कुठलं काम अर्धवट राहिलंय, हे सगळं कागदावर उतरवायचं, घेणाऱ्याने ताडून बघायचं आणि मग दोघांच्या सह्या. तुझ्या घरातलं ते कपाट, त्यातला सर्व्हर, भिंतीभिंतीत बसवलेली मॉड्यूलं, आपोआप लागणारे दिवे, सगळं उत्तम चाललंय. मी नावं ठेवत नाही. पण उद्या तू ऑफिसच्या कामाला पंधरा दिवस बंगळुरूला गेलास तर या सगळ्याचा चार्ज कुणाकडे? तुझी बायको आणि तुझी आई, म्हणजे माझी ताई. दोघींना यात काडीचा रस नाही, आणि तो असायला हवा असा आग्रहही धरू नकोस. घराचा चार्ज लिहायला बसशील तेव्हा तुझ्यासारख्या हौशी माणसासाठी लिहू नकोस. नाइलाजाने चार्ज घ्यावा लागलेल्या माणसासाठी लिही. माझं मुख्य सांगणं एवढंच. बाकीचं त्याच्यामागून येणारं.

सगळ्यात आधी पहिलं पान. एकच पान, मराठीत, ठसठशीत अक्षरात. त्यावरचे मथळे घरच्यांच्या तोंडी येतात तसे घाल: ‘इंटरनेट गेलं’, ‘हॉलचा दिवा लागत नाही’, ‘गीझर बंदच होत नाही’, ‘टाकी भरून वाहतेय’. ‘नेटवर्क’ किंवा ‘ऑटोमेशन’ असा मथळा दिलास की ताईने ते पान वाचलंच नाही म्हणून समज. तिला मालिका मध्येच अडकली एवढंच कळतं. आमच्याकडे तक्रार करणारा माणूस कधी ‘लाइन अर्थ झाली आहे’ असं सांगायचा का? तो म्हणायचा ‘खरखर येते’, ‘फोन डेड आहे’. त्याच्या शब्दांपासून सुरुवात करून खऱ्या बिघाडापर्यंत जाणं हे टेस्ट डेस्कवरच्या माणसाचं काम असे. तुझ्या घरात टेस्ट डेस्क म्हणजे ते पान.

प्रत्येक मथळ्याखाली आधी काय बघायचं, मग काय करायचं. इंटरनेटचंच घे. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाही. वायर तुटली असेल नाहीतर कंपनीकडे बिघाड असेल. घरात काहीही उचकटून उपयोग नाही. तिथे सरळ लिही, लाल दिवा असेल तर कंपनीला फोन करा, आणि त्याखाली नंबर, ग्राहक क्रमांक, कनेक्शन कुणाच्या नावावर आहे ते नाव आणि नोंदवलेला मोबाइल. लाल नसेल तर डब्याचं बटण बंद करायचं, सावकाश साठ आकडे मोजायचे, चालू करायचं आणि पाच मिनिटं हात लावायचा नाही. हे ‘हात लावायचा नाही’ विसरू नकोस. माणूस घाबरला की डबा उठायच्या आत पुन्हा बटण दाबतो आणि तेच चक्र चालू राहतं. डब्याच्या मागे टाचणी जाईल एवढं बारीक भोक असतं. त्याच्याविषयी लाल शाईने लिही, इथे टाचणी घालू नये. शेजारचा एखादा उत्साही मुलगा येतो, ‘काकू, रीसेट मारतो’ म्हणतो, आणि तुझी महिन्यांची मांडणी दहा सेकंदांत पुसून टाकतो.

आता तुझं ते पाय-होल. जाहिराती अडवतं, छान आहे. पण ज्या रास्पबेरी पायवर ते चालतं तो बंद पडला की बाहेरची लाइन ठणठणीत असूनही घरात एक पान उघडत नाही, कारण नावावरून पत्ता सांगणारंच कुणी उरत नाही. याचा उपाय तू लिहायला घेशील: राउटरच्या पानावर जा, लॉगिन करा, डीएनएस शोधा, आकडे बदला. थांब. ज्याचा उपाय लिहायला अर्धं पान लागतं, ती मांडणीच बदलायला हवी. कंपनीच्या डब्याचं स्वतःचं वायफाय चालू ठेव, त्याच्या वाटेत पाय-होल आणू नकोस, आणि पानावर एकच ओळ लिही: ‘नेट चालत नसेल तर या नावाच्या वायफायवर या.’ झालं. लिहिण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो. कागदावर उतरवताना तुझं तुलाच दिसतं की घरात काय काय अवघड करून ठेवलंय.

स्मार्ट बल्बचं तसंच. भिंतीवरच्या बटणावर तू चिठ्ठी चिकटवलीस, ‘हे बटण बंद करू नये’. अरे, बटण बंद करण्यासाठीच असतं! पाहुणा आला, त्याने सवयीने बंद केलं, की बल्ब गेला. झिगबीचा बल्ब असेल तर त्याच्यामार्फत ज्या सेन्सरांचा निरोप पुढे जात होता तेही मुके होतात, कारण निरोप पुढे पोचवायचं काम सतत विजेवर असलेली उपकरणंच करतात, सेलवर चालणारी करत नाहीत. बल्ब साधा ठेव आणि बटणामागे मॉड्यूल बसव. बटणही चालेल, मोबाइलही चालेल, चिठ्ठीही नको.

पान झालं की त्याची परीक्षा घे. ते ताईच्या हातात दे, सर्व्हरचं बटण तिच्यासमोर मुद्दाम बंद कर आणि तोंड मिटून बस. ती कुठे अडखळते, कुठल्या डब्यासमोर उभी राहून तुझ्याकडे बघते, ते टिपून घे. तिथे ताईला समजावायचं नाही, पान दुरुस्त करायचं. ‘राउटर’ म्हणजे दोन पांढऱ्या डब्यांपैकी कोणता हे तिला कळलं नाही तर डब्यावरच ठळक ‘१’ आणि ‘२’ लिही. एवढी साधी परीक्षा न देता तयार झालेली पुस्तकं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. लिहिणाऱ्याखेरीज त्यांचा कुणाला उपयोग झाला नाही.

आणि ते पान सर्व्हरवर ठेवू नकोस. तुला विकी उघडायची हौस आहे, उघड. पण ज्या दिवशी ती लागेल त्या दिवशी सर्व्हरच बंद असेल. २०२१ साली ४ ऑक्टोबरला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सहाएक तास जगभर बंद होतं. देखभालीसाठी दिलेल्या एका आज्ञेने त्यांची डेटा सेंटरं एकमेकांपासून तुटली, त्यांच्याकडे जायचे रस्तेच इंटरनेटवरून नाहीसे झाले, आणि बिघाड शोधायची त्यांची आतली साधनंही त्याच जाळ्यावर असल्याने तीही हाताशी राहिली नाहीत. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तिथे तुझ्या कपाटाची काय कथा! छापील प्रत काढ, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घाल आणि कपाटाच्या दाराला आतून लाव. दुसरी प्रत ताईच्या कपाटात. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिलाय. कागदाच्या चारी कडांना जागा सोडून मधे लिहावं, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही, असं त्यात आहे. सतराव्या शतकातला सल्ला, पण स्वयंपाकघरातल्या ओल्या हातांनी धरल्या जाणाऱ्या कागदाला आजही लागू. फक्त दारावर लागणाऱ्या पानावर दाराच्या कुलपाचा कोड आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड नको. घरात येणारंजाणारं कुणीही ते वाचतं.

पहिलं पान झालं की लेबलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त तेच उपयोगी पडतं. वायरीच्या दोन्ही टोकांना एकच नंबर. एका टोकाला लावून सोडलंस तर न लावल्यासारखंच. एक्स्चेंजमध्ये हजारो जोड्या एमडीएफवर, म्हणजे बाहेरच्या लाइनी जोडायच्या मोठ्या चौकटीवर उतरायच्या. तिथे ‘कळेल की बघून’ म्हणणाऱ्या माणसाला कुणी जंपर मारू देत नसे. वायरीवर नंबर असू दे आणि त्या नंबराचं काम वहीत असू दे, कारण काम बदलतं, नंबर बदलत नाही.

ॲडॉप्टरांकडे तर आज संध्याकाळीच बघ. राउटरचा १२ व्होल्टचा, कुठला ९ चा, कुठला ५ चा. आणि बऱ्याच जणांची पिन अगदी सारखी, बाहेरून साडेपाच मिलिमीटरची. सगळ्यांच्या सगळीकडे जातात. ५ व्होल्टच्या डब्यात १२ चा घुसवला की तो डबा बहुधा परत उठत नाही. दिवाळीच्या साफसफाईत सगळे ॲडॉप्टर काढून एका पिशवीत टाकले गेले, हे किती घरांत होतं! प्रत्येक ॲडॉप्टरवर तो कुणाचा आहे ते लिही आणि डब्यावर त्याला किती व्होल्ट लागतात ते. तुझ्या मामेभावाने न्यू जर्सीहून काही आणून दिलं असेल तर त्याची नोंद वेगळी कर. तिकडची बरीच उपकरणं १२० व्होल्टवर चालणारी, आपल्याकडे २३०. झेड-वेव्हचं असेल तर तिकडची लहर ९०८.४ मेगाहर्ट्झ आणि आपल्याकडची ८६५.२, ते उपकरण तुझ्या इथल्या हबशी बोलणारच नाही. पाच वर्षांनी कुणीतरी ते ड्रॉवरमधून काढेल आणि दोन दिवस झटत बसेल.

भिंतीच्या आत जे आहे त्याची नोंद मात्र जिवाशी गाठ असलेली. आपल्याकडच्या बहुतेक स्विचबोर्डांत न्यूट्रल आणलेलाच नसतो. फेज येतो आणि बटणातून दिव्याकडे जातो. मॉड्यूलला न्यूट्रल लागतो म्हणून वायरमन जवळच्या दुसऱ्या बोर्डातून ओढतो. तो न्यूट्रल वेगळ्या आरसीसीबीखालचा असला की मॉड्यूल लागताक्षणी आरसीसीबी पडते, आणि इन्व्हर्टरच्या लाइनीत गुंतला तर आणखी घोळ. म्हणून बोर्डाचं झाकण लावण्याआधी आतला फोटो काढ आणि वहीत लिही: हा बोर्ड कुठल्या एमसीबीवर आहे, न्यूट्रल कुठून घेतलाय, इन्व्हर्टरची लाइन यात आहे की नाही. जुन्या घरात रंगांवर विसंबू नकोस. नियमाने न्यूट्रल काळा आणि अर्थिंग हिरवं, पण त्या दिवशी वायरमनच्या पिशवीत जो रंग होता तो त्याने ओढलेला असतो. एमसीबीच्या डब्यात प्रत्येक खटक्याखाली नाव लिही, आणि ते खटका पाडून, टेस्टरने खात्री करून मगच लिही. झाकणाच्या आतल्या बाजूला पुढच्या वायरमनसाठी एक ओळ: ‘आत मॉड्यूल आहे. अमुक नंबरची एमसीबी पाडूनच हात घालावा.’ मॉड्यूल काढून बोर्ड पूर्ववत साधा कसा करायचा तेही तिथेच चिकटव. तुझ्या गैरहजेरीत तो तेच करणार आहे, निदान नीट करू दे.

गीझरच्या मॉड्यूलची नोंद करताना वॉट आणि अँपिअर दोन्ही लिही. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टला जवळजवळ पावणेनऊ अँपिअर ओढतो, ३००० चा तेरा. दिव्यांसाठीचं १० अँपिअरचं मॉड्यूल पहिल्याला जेमतेम पुरेल आणि रोजच्या वापरात तापेल. दुसऱ्याला ते वितळूनच जाईल. आज तुला हे पाठ आहे. पण गीझर बदलतात, आणि बदलताना दुकानात तू नसशील.

कोडांचं एक पान वेगळं ठेव. मॅटरच्या उपकरणाला अकरा आकडी कोड आणि एक क्यूआर असतो, आणि तो नेमका उपकरणाच्या पाठीवर छापलेला असतो. एकदा ते भिंतीत गेलं की कोड भिंतीकडे तोंड करून बसतो. पुन्हा जोडायची वेळ आली की बोर्ड उघडणं आलं. खोक्यातून काढल्याकाढल्या त्याचा फोटो काढ, खाली खोलीचं नाव लिही, मग बसव. झिगबीचं चॅनेल आणि नेटवर्क-की ह्यांचीही तिथेच नोंद. सोबत वायफायचं चॅनेलही लिही, कारण दोघांचा वावर २.४ गिगाहर्ट्झमध्येच. झिगबीची ११ ते २६ अशी चॅनेलं आहेत. वायफाय १ वर किंवा ६ वर असेल तर २५ साधारण मोकळं राहतं. पुढे कुणी राउटर ‘ऑटो’वर टाकला आणि सेन्सर गळायला लागले, तर या दोन आकड्यांवरून कारण सापडेल.

इथे तुला एक गोष्ट नीट सांगते, कारण तुझ्या वहीत मला ती दिसली नाही. तू ‘काय’ लिहितोस आणि ‘कसं’ लिहितोस, ‘का’ लिहीत नाहीस. सर्व्हरच्या मागून ती लांब यूएसबीची वायर काढून त्याच्या टोकाला झिगबीची काडी लटकवली आहेस. दिसायला वाईट दिसते. सून नीटनेटकी आहे. ती एक दिवस ती वायर काढेल आणि काडी थेट सर्व्हरला खोचेल. बिघाड त्या क्षणी दिसणार नाही. दोनतीन दिवसांनी बाल्कनीतला सेन्सर सुटेल, मग बाथरूममधला. यूएसबी ३ च्या खोबणीतून आणि वायरींतून त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, म्हणून काडी दूर ठेवलेली, हे तुझ्याखेरीज कुणाला ठाऊक आहे? वायरीला चिठ्ठी बांध: ‘काढू नये, काडी सर्व्हरजवळ आली की सेन्सर तुटतात.’ घरात जे जे विचित्र दिसतं त्याला एक कारण लिहून ठेव. जे सरळ आहे त्याला नाही लिहिलंस तरी चालतं.

ऑटोमेशनचंही तेच. पाण्याची मोटर ठरावीक मिनिटांनी बंद होते. का? टाकी तेवढ्यात भरते म्हणून, खालच्या हौदात पाणी नसताना कोरडी फिरू नये म्हणून, की सोसायटीने तसं सांगितलंय म्हणून? तिन्ही कारणांत ती मिनिटं बदलायची की नाही याचं उत्तर वेगळं आहे. एकेका ऑटोमेशनला तीन ओळी पुरतात: काय करतं, का करतं, आणि बंद पडलं तर हाताने कसं करायचं. तिसरी ओळ लिहिता आली नाही तर ते ऑटोमेशन घरात ठेवू नकोस. याबाबतीत मी हट्टी आहे.

नावं देताना घरात बोलतात ती दे. ‘देवघराचा दिवा’, ‘मोरीचा पंखा’, ‘आजीची खोली’. मॉडेल नंबर आणि तुझे ते इंग्रजी कोड यादीत असू देत. होम असिस्टंटमध्ये आतली ओळख रोमन अक्षरांतच लागते, पण दाखवायचं नाव देवनागरीत ठेवता येतं, ते ठेव.

आयपी पत्ते, सबनेट, आकृत्या यांत फार रमू नकोस. एक तक्ता पुरे: उपकरण, मॅक पत्ता, आयपी, कुठे ठेवलंय. पत्ते राउटरमध्येच राखून ठेवलेस की तक्ता खोटा पडत नाही. सुंदर रंगीत आकृती काढणारे पाहिले आहेत. दुसऱ्या महिन्यात आकृती एक सांगते, वायरी दुसरंच. पडद्यांचे फोटोही कमी. ॲप बदललं की ते शिळे. कंपनीच्या माहितीपुस्तकातलं पुन्हा उतरवू नकोस, मूळच्या सेटिंगमध्ये तू काय बदललंस तेवढंच लिही. आज्ञा आठवणीतून लिहू नकोस, चालवलेली ओळ जशीच्या तशी उचलून ठेव आणि ती बरोबर चालली की पडद्यावर काय येतं तेही. डॉकरच्या फाइलीत आवृत्तीचा नंबर घाल. ‘लेटेस्ट’ लिहिलंस तर गेल्या वर्षी कोणती चालत होती ते तुलाही सांगता येणार नाही.

रोजनिशी मात्र ठेव. टेस्ट डेस्कवर प्रत्येक टेलिफोन नंबरचं एक फॉल्ट कार्ड असायचं. तारीख, तक्रार, काय सापडलं, काय केलं. एकेक नोंद वाचून काही कळत नसे. पण कार्डं शेजारी मांडली की दिसायचं, दर पावसाळ्यात तक्रारी येतात त्या एकाच डीपीवरच्या, म्हणजे एकाच वाटप-डब्यावरच्या नंबरांच्या. मग वायरमन घरोघरी न पाठवता केबलचा सांधा उघडायचा. तुझ्या घरातही असंच सापडेल. दुपारी तीनच्या सुमारास सर्व्हर मंदावतो, फक्त एप्रिल-मेमध्ये. कपाट बंद असतं आणि रास्पबेरी पाय ८० अंशांच्या वर गेला की स्वतःच वेग कमी करतो. दाराच्या सेन्सरचा सेल दर वेळी वर्षभर चालतो आणि या खेपेला चार महिन्यांत संपला, म्हणजे सेल वाईट नाहीतर सेन्सर वारंवार तुटून पुन्हा जोडतोय. नोंद एका ओळीची असू दे: तारीख, काय केलं, का केलं, मागे कसं न्यायचं. वहीत लिही नाहीतर मोबाइलवर, पण काम संपल्यावर ‘उद्या लिहीन’ म्हणून उठू नकोस.

बॅकअपबद्दल तुला खात्री आहे, म्हणून मला काळजी वाटते. गिटलॅब ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांचीच कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका अभियंत्याने कामाच्या गडबडीत चालू डेटाबेसच्याच फाइली पुसल्या. बॅकअपच्या चार-पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या, आणि ऐन वेळी एकीवरही विसंबता आलं नाही. रोजचा बॅकअप आवृत्तीच्या फरकामुळे कधीचा नापास होत होता, आणि तसं कळवणारी ईमेलं वाटेतच नाकारली जात होती; त्यामुळे कुणाला पत्ता नाही. अपघाताच्या सहाएक तास आधी दुसऱ्याच कामासाठी कुणीतरी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने तारलं. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, लिहून जगासमोर ठेवलं, हे त्यांचं मोठेपण. तू तुझ्या वहीत ‘बॅकअप रोज रात्री होतो’ असं लिहिलंयस. ते खोड. ‘अमुक तारखेला दुसऱ्या कार्डावर बॅकअप उतरवून बघितला, दिवे लागले’ असं लिहिता येईल त्या दिवशी लिही. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा नियम तुला पाठ आहे. घराबाहेरची माझ्याकडे ठेव. माझ्या कपाटात जागा आहे.

होम असिस्टंटचा बॅकअप २०२५ च्या जानेवारीपासून कुलूपबंद होऊन निघतो. त्याची किल्ली त्याच यंत्रणेत असते, आणि ती वेगळी उतरवून ठेवायला सांगतात. तू ठेवली आहेस? कार्ड मेलं आणि किल्ली कार्डावरच होती, तर बॅकअप हातात असून उघडता यायचा नाही. ती किल्ली कागदावर छाप आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलीत लाव.

पासवर्ड वहीत लिहू नकोस. पासवर्ड कुठे आहेत ते लिही. तिजोरीच्या ॲपचं नाव, आणि तिचा मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये. सुनेला ते एकदा उघडून दाखव. डोमेनचं नूतनीकरण कुठल्या कार्डावरून होतं, कुठल्या ईमेलवर सूचना येतात, तेही पाकिटात घाल. कार्ड बंद झालं की डोमेन जातं, आणि त्यावर उभं केलेलं सगळं त्याच्याबरोबर.

आता शेवटचं पान, जे तू टाळशील. तुला काही झालं तर. तोंड वाकडं करू नकोस. एलआयसीची पॉलिसी काढताना नाही केलंस. अशा वेळी घरच्यांना सर्व्हर चालू ठेवायचा नसतो. त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात: घर साधं व्हावं आणि फोटो मिळावेत. घर साधं करायला कुठल्या डब्यांचे प्लग काढले तरी चालेल, कुठलं मॉड्यूल वायरमनकडून काढून घ्यायचं आणि कुठल्या सेवांचे पैसे थांबवायचे, याची यादी. फोटोंचं अवघड आहे. तुझ्या नॅसमधल्या डिस्क काढून कुणी सुनेच्या विंडोजच्या लॅपटॉपला जोडल्या तर विंडोज म्हणेल, डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करू? आणि कुणीतरी ‘हो’ दाबेल. ती डिस्क चांगली आहे, फक्त वेगळ्या पद्धतीने मांडलेली आहे, हे त्या क्षणी सांगायला तू नसशील. म्हणून फोटोंची एक प्रत साध्या एक्सफॅटच्या डिस्कवर, वर्षावर्षाच्या साध्या फोल्डरांत, कुलूप न घालता ठेव. दर दिवाळीला ताजी कर आणि डिस्कवर ‘फोटो’ एवढंच लिही. नॅसवर चिकटव: ‘या डिस्क फॉरमॅट करू नका.’

हे सगळं एका सुट्टीत होणार नाही, आणि एका सुट्टीत करायला बसलास तर अर्ध्यात सोडशील. पहिलं पान या रविवारी लिही. लेबलं पुढच्या दोन-तीन रविवारी. बाकीचं दिवाळीपर्यंत झालं तरी चालेल. गीझरच्या मॉड्यूलवर किती अँपिअर छापलंय ते मात्र रविवारची वाट न बघता आजच बघ.